आचल, ऊठ!

दुपारचे तीनही वाजले नव्हते, तरी मंडपात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दर्यापूरच्या त्या मैदानावर एवढी गर्दी लोकांनी फक्त निवडणुकीच्या सभेला पाहिली होती. अकोट, अंजनगाव, मूर्तिजापूर, सगळीकडून जीपा भरभरून येत होत्या. कुणी म्हातारीला पाठीवर घेतलेलं, कुणाच्या कडेवर मान टाकलेलं लेकरू. गावात ख्रिस्ती घरं मोजून चाळीस. पण मंडपात बसलेली माणसं सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची होती. डॉक्टरांच्या दारात उभं राहून थकलेला माणूस पाटीवर काय लिहिलंय ते वाचत बसत नाही.

पाटीवर लिहिलं होतं, 'चंगाई महोत्सव', म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायची सभा. खाली ब्रदर नहेम्याचा फोटो. पांढरा सूट, वर उचललेला हात आणि मागे कॉम्प्युटरवर काढलेली वीज.

फाटकापाशी टेबल टाकून ज्योत्स्नाबाई साळवे चिठ्ठ्या लिहीत होत्या. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. चर्चच्या शब्बाथ शाळेत तर अजूनही दर रविवारी मुलांना बसवायच्या. अक्षर मोत्यासारखं, म्हणून पाळक देवमन सोनोन्यांनी हे काम त्यांच्याकडे दिलं होतं. येणाऱ्याचं नाव, गाव, आजार आणि घरची आणखी काही अडचण, एवढं लिहायचं. चिठ्ठी पेटीत टाकायची. पेटी भरली की ब्रदरचा माणूस ती उचलून स्टेजच्या मागे नेई.

"ब्रदर चिठ्ठ्या वाचतात का हो?" बाईंनी त्याला सहज विचारलं होतं.

"छे छे! वाचायचं कशाला, सिस्टर? ते फक्त हात ठेवून प्रार्थना करतात. वाचून दाखवायला पवित्र आत्मा आहे ना!"

येवद्याच्या गोदाबाई काठी टेकत आल्या आणि समोरच्या खुर्चीत धपकन बसल्या. "गुडघा, बाई. ह्या गुडघ्यानं जीव नकोसा केला," म्हणत त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. बाईंनी समोरून पाहिलं, लिहिलं, 'डावा गुडघा, चार वर्षांपासून', आणि चिठ्ठी पेटीत टाकली.

चार वाजता ब्रदर स्टेजवर आला. ढोलक, कीबोर्ड, कर्ण्यांचा दणका.

"हालेलुया बोला! अजून जोरात! सैतान बहिरा आहे का? नाही ना? मग त्याच्या कानठळ्या बसू द्या! अमेरिकेचे डॉक्टर जिथे हात टेकतात, तिथे माझा प्रभू हात घालतो! ऑपरेशन नाही, टाका नाही, डिस्चार्ज लगेच!"

मंडप हसला, मंडप ओरडला. मग ब्रदरने डोळे मिटले. एक हात कपाळावर, दुसरा कानाशी. कानात शेंगदाण्याएवढं यंत्र होतं. ते आवाजाच्या सोयीसाठी आहे, असं त्याची माणसं सांगत.

"आत्मा मला दाखवतोय... एक माई आहे... नावात ग... गो... गोदा... गोदाबाई! येवदा गाव! चार वर्षं झाली! डावा गुडघा!"

मंडपाच्या अंगावर काटा आला. गोदाबाई काठीसकट थरथरत उभ्या राहिल्या. बिचाऱ्या साध्या. त्यांनी खरं ते सांगून टाकलं.

"उजवा हाये जी माहा. डावा नाई."

ब्रदरने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"माई! आजार उजव्यातून डाव्यात निघाला होता! रस्त्यात होता! आत्म्यानं त्याला रस्त्यातच पकडला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गोदाबाईंची काठी कुणीतरी काढून घेतली आणि त्या लाजत, हसत स्टेजवर चार पावलं नाचल्याही. दुसऱ्या दिवशी तो गुडघा भोपळ्यासारखा सुजला, पण तेव्हा त्यांच्याकडे पाहायला कुणाला वेळ होता?

ज्योत्स्नाबाईंनी मात्र मनातल्या मनात गोदाबाईंना पुन्हा समोरच्या खुर्चीत बसवलं. समोर बसलेल्याचा उजवा गुडघा आपल्या डाव्या हाताला येतो. चूक त्यांची होती. ती चूक जगात फक्त एका ठिकाणी होती, त्यांच्या हातच्या चिठ्ठीवर. बत्तीस वर्षं पेपर तपासताना बाई एक गोष्ट शिकल्या होत्या. दोन मुलांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर काही म्हणता येत नाही, पण दोघांची चूक सारखी आली की कॉपी पकडली जाते.

सभा सुटल्यावर त्यांनी पाळकांना बाजूला घेतलं. "पाळकसाहेब, ह्या माणसाले कोणी वरून सांगत नाई. कोणी मागून वाचून दाखवून रायलं."

देवमन पाळक साधा माणूस. आयुष्यभर सायकलवर फिरून त्यांनी चर्चची मंडळी सांभाळली होती. गेल्या काही वर्षांत पोरं पुण्याला, नागपूरला गेली होती आणि रविवारी निम्मी बाकं रिकामी राहायची. ब्रदरच्या लोकांनी फोन करून सभा देऊ केली, तेव्हा त्यांना वाटलं होतं, देवाने ऐकलं.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "इतकी माणसं आपल्या दारी कधी आलती का? तीन दिवसाचा सवाल हाये. होऊन जाऊ द्या. मंग बोलू."

बाई गप्प बसल्या. पुढे त्या गप्प बसण्याचा त्यांनी शंभरदा हिशेब केला आणि एकदाही तो जुळला नाही.

*

आचलबद्दल आधी सांगायला हवं.

सहदेव खंडारे दर्यापूर-अमरावती रस्त्यावर जीप चालवतो. त्याची बायको प्रतीक्षा घरी शिवणकाम करते. त्यांची एकुलती एक पोर आचल. आठव्या वर्षी ती एकाएकी वाळायला लागली, रात्रंदिवस पाणी मागायला लागली, तेव्हा कळलं की तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. म्हाताऱ्यांना होते ती साखर वेगळी, ही वेगळी. गोळीवर भागत नाही. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, आणि तेही जन्मभर.

इन्सुलिन थंड ठेवावं लागतं आणि खंडाऱ्यांच्या घरी फ्रिज नव्हता. वऱ्हाडातला उन्हाळा कसा असतो ते वेगळं सांगायला नको. मग पाळकांच्या पत्नीने, पाळकबाईंनी, आपल्या फ्रिजच्या दारातला एक कप्पा रिकामा केला. त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'आचल'. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला पोर पाळकांच्या घरी येई. इंजेक्शन झालं की अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलं पाहिजे, हे चर्चच्या सगळ्या बायकांना पाठ झालं होतं. कुणाच्याही घरासमोरून ती गेली तरी हाक यायची, "आचल, जेवली का?" औषध संपत आलं की अकोल्याला जाणारा कुणीतरी घेऊन यायचा. त्या फ्रिजसाठी पाच वर्षांत कुणी कधी प्रार्थनासभा भरवली नव्हती, की कुणी त्याला चमत्कार म्हटलं नव्हतं.

आचल आता तेरा वर्षांची होती, आठवीत. नाताळच्या गाण्यांत पहिला सूर तिचा. ज्योत्स्नाबाईंना ती बाईआजी म्हणायची आणि शब्बाथ शाळेत त्यांना सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची.

तिसरा दिवस रविवार होता. ब्रदरने जाहीर केलं होतं की आज उपासप्रार्थना, ज्याला चमत्कार हवा त्याने सकाळपासून अन्नाला शिवायचं नाही. आचलने नेहमीसारखं सात वाजता इंजेक्शन घेतलं. पाळकबाईंनी पोळी हातात दिली, तर तिने अर्धी खाल्ली आणि अर्धी नॅपकिनमध्ये गुंडाळली. दुपारचं जेवण तिने टाळलं. कुणाला सांगितलं नाही. तिलाही चमत्कार हवा होता. तेरा वर्षांच्या पोरीला रोज दोनदा सुई टोचून घ्यायचा कंटाळा येणार नाही तर काय?

साडेतीनच्या सुमाराला ब्रदरच्या आत्म्याने तिचं नाव घेतलं. प्रतीक्षाने तिला हाताला धरून स्टेजवर नेलं. पोर घामाने निथळत होती, ओठ पांढरे पडले होते, हातपाय लटलट कापत होते.

"बघा! बघा कशी कापतेय! आत्मा उतरला! यंत्र आणा! इथे अंधविश्वास नाही, इथे सायन्सच्या यंत्रावर साक्ष होते!"

ब्रदरच्या माणसाने आचलच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्र माईकपाशी धरलं.

"किती असायची हिची साखर, माई?"

"अडीचशे, तीनशे," प्रतीक्षा म्हणाली.

"आता बघा! एकसष्ट! सिर्फ एकसष्ट!"

मंडप उठून उभा राहिला. कुणी रडत होतं, कुणी हात वर करून नाचत होतं. ब्रदरने आचलला गोड सरबताचा पेला दिला, 'विजयाचं सरबत' म्हणून. तिने घटाघट पिऊन टाकलं. दहा-पंधरा मिनिटांत तिचं कापणं थांबलं, गालांवर रंग आला. "सैतान गेला, शांती आली!" ब्रदर गरजला.

प्रतीक्षा मंडपातून धावत सुटली. पाळकांचं घर मैदानाच्या पलीकडेच होतं. फ्रिजच्या दारातल्या दोन्ही बाटल्या घेऊन ती परत आली आणि तिने त्या ब्रदरच्या पायाशी ठेवल्या. ब्रदरने पांढरा बूट उचलला. काच फुटल्याचा आवाज माईकमधून सगळ्यांनी ऐकला.

ज्या मंडळीने त्या बाटल्या पाच वर्षं जिवापाड जपल्या होत्या, तीच मंडळी टाळ्या वाजवत होती. पाळक वाजवत होते, पाळकबाई वाजवत होत्या. आणि ज्योत्स्नाबाई? चिठ्ठीची गोष्ट त्यांना ठाऊक होती. पण आकडा यंत्राचा होता आणि यंत्र कशाला खोटं बोलेल? त्यांचेही हात दोनदा एकमेकांवर आपटले.

*

सोमवारी आचल शाळेत गेली. पाण्याच्या बाटल्या भरभरून प्यायली. मंगळवारी ओकाऱ्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं. प्रतीक्षाने घाबरून ब्रदरच्या पत्रकावरचा नंबर लावला.

पलीकडचा आवाज मधाळ होता. "सिस्टर, ही लक्षणं म्हणजे सैतानाची खोटी साक्ष. तो तुमचा विश्वास तपासतोय. आता औषध दिलंत तर चंगाई परत जाईल. हजारदा बोला, माझी मुलगी बरी झाली."

प्रतीक्षाने हजारदा म्हटलं. खरोखर मोजून.

त्या दोन दिवसांत आचल इंजेक्शनला आली नाही, तेव्हा पाळकबाईंना चुकल्यासारखं झालं. पण बरी झालेली पोर कशाला येईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला ज्योत्स्नाबाई त्यांच्या घरी गेल्या. आचल चटईवर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. ती निजूनच होती, पण श्वास असा घेत होती जशी मैलभर पळून आली आहे. खोलीत पिकून उतरलेल्या फळासारखा वास होता आणि घरात तर फळ नव्हतं.

"बाईआजी," ती म्हणाली. "पाणी."

बाई वाकल्या, तर प्रतीक्षा मध्ये आली. "बाई, शंका आनू नका. पाया पडते तुमच्या. तुमी शंका आनली त माह्या पोरीची चंगाई जाईन."

"प्रतीक्षा, पोरीकडे पाय जरा."

"पाहूनच रायली न मी! डोये फुटले काय माहे?" ती ओरडली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

बाई तशाच पाळकांच्या घरी गेल्या. या वेळी देवमन पाळकांनी एक शब्द विचारला नाही. चपला घातल्या आणि चालता चालता सहदेवला फोन लावला. सहदेव प्रवासी रस्त्यातच उतरवून जीप घेऊन आला. तिघांनी मिळून आचलला उचललं. प्रतीक्षाने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून वाट अडवली. सहदेवने तिची बोटं एकेक करून सोडवली.

सरकारी दवाखान्यात डॉ. संघपाल वानखडे ड्यूटीवर होते. पोरीचा श्वास पाहताच सगळं त्यांच्या ध्यानात आलं. सलाईन लावली, इन्सुलिन सुरू केलं, अमरावतीला फोन केला, अँब्युलन्समध्ये स्वतः बसले. रस्ताभर त्यांनी आचलच्या मनगटावरून हात काढला नाही.

गुरुवारी सकाळी दहा वाजता अमरावतीत आचल गेली.

चर्चमागच्या दफनभूमीत पेटी खाली सोडताना नेहमीचं गीत म्हणायचं होतं. पहिला सूर उचलायला कुणी नव्हतं. माणसं नुसतीच उभी राहिली.

त्या दुपारी सहदेवने पत्रकावरचा नंबर लावला. मधाळ आवाज म्हणाला, "आईचा विश्वास कमी पडला, ब्रदर. शेवटी डॉक्टरकडे नेलंतच ना?"

आणि प्रतीक्षाने ते खरं मानलं. तिने अन्न सोडलं. येईल त्याला ती एकच वाक्य सांगायची, "मी अजून घट्ट धरायला पायजे होतं. चौकट सोडली मी."

*

हे ऐकलं त्या दिवशी ज्योत्स्नाबाई डॉ. वानखड्यांकडे जाऊन बसल्या.

"डॉक्टर, मले फक्त एक सांगा. ते एकसष्ट कसं आलं? यंत्र खोटं होतं काय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्या दिवशी सकाळी तिनं इंजेक्शन घेतलं होतं?"

"सात वाजता."

"आणि जेवली?"

"अर्धी पोळी. उपास होता."

डॉक्टरांनी शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. सकाळच्या इंजेक्शनचा जोर दुपारपर्यंत चालतो. तो जोर दुपारच्या जेवणासाठी असतो. जेवण झालंच नाही, तर इन्सुलिन रक्तातली होती नव्हती ती साखर ओढून घेतं आणि आकडा घसरतो. घाम येतो, हातपाय कापतात, चक्कर येते. तेव्हा काही गोड पोटात गेलं की माणूस पंधरा मिनिटांत सावरतो.

"म्हणजे आत्मा उतरला म्हने, थे कापनं..."

"साखर कमी झाल्याचं कापणं. शांती आली ती सरबतानं. यंत्र खरं बोललं, बाई. एकसष्ट खरंच होतं. पण ते आणलं होतं इन्सुलिननं. ज्या औषधानं आकडा खाली आणला, त्याच औषधाच्या बाटल्या त्याने बुटाखाली फोडल्या."

बाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसल्या. कितीतरी बसेस आल्या आणि गेल्या.

नंतर त्या प्रतीक्षाकडे गेल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं. गोदाबाईंचा गुडघा, कानातलं यंत्र, सकाळचं इंजेक्शन, अर्धी पोळी. प्रतीक्षा भिंतीला टेकून ऐकत होती.

"म्हंजे चौकट सोडली म्हनून नाई मेली ती?"

"नाई. उलट आपन उशिरा सोडवली."

"मंग मी मारलं तिले."

बाई जन्मभर मुलांशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या आणि ही प्रतीक्षाही कधीकाळी त्यांच्याच वर्गात बसलेली पोर होती. "तुले फसवलं, बेटा. फसलेल्या मानसाले खुनी नाई म्हनत. पन मले पहिल्याच दिवशी कळलं होतं आन मी चूप रायले. त्याले काय म्हनाचं थे तू ठरव."

प्रतीक्षा उठली. बाईंचा हात धरून त्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

दोन आठवडे तिने कुणाचं तोंड पाहिलं नाही. मग एका सकाळी तीच बाईंच्या दारात उभी राहिली. वाळून काटकी झालेली, पण डोळे कोरडे.

"परतवाड्याले हाये म्हने त्याची सभा. पत्रक आलं सहदेवच्या जीपीत."

"हाव. मीबी ऐकलं."

"चिठ्ठी लिवा, बाई. तिच्या नावाची. तेरा वर्षं लिवा. वर्ग आठवा लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाये."

*

परतवाड्याचा मंडप दर्यापूरपेक्षाही मोठा होता. ज्योत्स्नाबाईंनी घरून लिहून आणलेली चिठ्ठी पेटीत टाकली. आचल सहदेव, वय तेरा, वर्ग आठवा, आजार साखर, रोज दोन इंजेक्शनं. बाई आणि प्रतीक्षा मधल्या रांगेत बसल्या. डॉ. वानखडे रजा टाकून आले होते. त्यांच्यासोबत अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे अमरावतीचे दोन कार्यकर्ते होते. पोलीस ठाण्यात अर्ज आधीच दिला होता. देवमन पाळक शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

ब्रदरने तेच बोलायला सुरुवात केली. तीच अमेरिका, तेच डिस्चार्ज. मध्येच म्हणाला, "मागच्या महिन्यात दर्यापूरला एक मुलगी! साखर तीनशे! प्रभूने एका मिनिटात एकसष्ट केली! आज ती मुलगी खेळतेय, बागडतेय!"

प्रतीक्षाने बाईंचा हात इतका दाबला की बांगडी मनगटात रुतली.

तासाभराने ब्रदरचे डोळे मिटले, हात कानाशी गेला.

"एक मुलगी... नाव आ... आचल! वय तेरा! आठवीत शिकते! साखर आहे, दोन दोन इंजेक्शनं! बेटा, मी तुला इथे बसलेली पाहतोय! तुझा चेहरा मला स्पष्ट दिसतोय! आचल, ऊठ! प्रभू तुला बोलावतोय, ऊठ!"

त्याला ते नावसुद्धा आठवत नव्हतं.

हजारो माणसं माना वळवून शोधायला लागली. कुणीच उठलं नाही. "लाजू नको, आचल! ऊठ!"

प्रतीक्षा उभी राहिली.

"थे नाई उठत जी," ती म्हणाली. माईक नव्हता, पण सगळा मंडप तिच्याकडे वळून ऐकत होता. "दर्यापूरची एकसष्टवाली पोरगी तेच होये. तुमी तिचं औषध फोडलं. चौथ्या दिवशी मेली थे. मी तिची माय. तुमाले तिचा चेहरा कोठी दिसून रायला थे मले दाखवा. मलेबी पाहाचा हाये."

ब्रदरचे डोळे उघडले. मग तो किंचाळला, "सैतान! सैतान घुसलाय मंडपात! म्युझिक! म्युझिक वाजवा!"

कीबोर्ड सुरू झाला, पण तोवर कार्यकर्ते स्टेजमागचा पडदा ओढून मोकळे झाले होते. मागे टेबलाशी एक माणूस बसला होता. पुढ्यात चिठ्ठ्यांचे गठ्ठे, तोंडाशी छोटा माईक आणि हातात बाईंची चिठ्ठी. हवालदाराने ती त्याच्या हातातून घेतली.

ज्योत्स्नाबाई खुर्चीवर चढल्या. पन्नास पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा त्यांचा आवाज होता. "तुमी फाटकापाशी जे सांगतलं, थेच हा मानूस मागून वाचते आन त्याच्या कानात सांगते! मी सोता लिवल्या चिठ्ठ्या. मेलेल्या पोरीची चिठ्ठी टाकली त तिलेबी उठवत होता!" मग डॉक्टरांनी एकसष्टचं गणित सांगितलं.

सगळे काही लगेच शहाणे झाले नाहीत. काहींनी बाईंच्या अंगावर खुर्च्या फेकल्या. "आमची पाळी आलती, तुमी बंद पाडलं!" असं म्हणत एक म्हातारा ढसाढसा रडला. त्याचं रडणं बाईंना खुर्च्यांपेक्षा जास्त लागलं. ब्रदर मागच्या बाजूने गाडीकडे पळाला, पण गाडीपाशी पोलीस उभे होते. गुन्हा नोंदवला गेला. जामीनही झाला. खटला उभा राहील तेव्हा राहील.

*

पुढच्या रविवारी दर्यापूरच्या चर्चमध्ये देवमन पाळकांनी उपदेश केला नाही. ते वेदीसमोर आले आणि म्हणाले, "माणसं यावी म्हनून मी डोये मिटले. लेकरू गेलं. मले क्षमा करा म्हनाचा अधिकारबी नाई मले." त्यांनी ज्योत्स्नाबाईंकडे पाहिलं.

बाई उठल्या.

"प्रार्थना करा," त्या म्हणाल्या. "मी रोज करते, मरेपर्यंत करीन. पन प्रार्थनेच्या नावानं कोनी औषध सोडा म्हनलं, तर त्याले दाराबाहेर काढा. मंग तो पांढऱ्या सुटात असो, भगव्यात असो, हिरव्यात असो. कोनी चमत्कार दाखवला त विचारा, कसा झाला? विचारल्यानं खरा देव रागवत नाई. खोटा मानूस रागवते. विश्वास म्हंजे डोये मिटनं नाई. मी पायलं होतं आन बोलले नाई. तुमाले काई दिसलं, त त्याच दिवशी बोला. दुसऱ्या दिवशी नाई."

मग त्यांनी वर्गात विचारायच्या तसं विचारलं, "त्या सभेपासून कोनाकोनाच्या गोळ्या बंद हायेत? हात वर करा."

शेवटून तिसऱ्या बाकावरून, येवद्याहून आलेल्या गोदाबाईंचा सुरकुतलेला हात वर आला. "बीपीची," त्या पुटपुटल्या. त्यांच्या शेजारी मोतीराम सुतारांचा हात. खिडकीपाशी एक नवी सून, फिट्सच्या गोळ्या सोडलेली. तिचा हात वर आला तेव्हा तिची सासू दचकली. मग एक, मग आणखी एक. शेवटी स्वतः पाळकबाईंनी हात वर केला आणि पाळक त्यांच्याकडे बघतच राहिले.

सात हात.

दाराजवळ प्रतीक्षा कधी येऊन उभी राहिली होती ते कुणाला कळलं नव्हतं. दफन झाल्यापासून ती चर्चमध्ये आली नव्हती. तिने ते सात हात पाहिले, एकेक चेहरा पाहिला.

"उद्या सकाळी नऊ वाजता सहदेवची जीप इथं उभी राहीन," ती म्हणाली. "सातही जन बसा. दवाखान्यात मी संगं येते. डॉक्टरापुढं जाऊन गोळी हातात घेतल्याबिगर मी कोनाले घरी सोडत नाई."